खेळून घर चालतंय व्हय?

आठवीतल्या माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील परवा शाळेत आले. त्यांचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. पोरगा शाळा सुटली की थेट मैदानावर, गॅरेजकडे फिरकत नाही, ही तक्रार. "मॅडम, फुटबॉल खेळून घर चालतंय व्हय?"

मला चटकन उत्तर देता आलं नाही. आपल्या कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते. तालमी परदेशातून खेळाडू आणतात. पण हंगाम संपला की गल्लीतला पोरगा नोकरी शोधत फिरतो. टाळ्या भरपूर, पगार नाही.

मी त्यांना अनिकेत जाधवचं नाव सांगितलं. कोल्हापूरचाच, रिक्षाचालकाचा मुलगा. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. मग इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल, ओडिशा. सहा-सात वर्षांत पाच जर्सी. हैदराबादने २०२१-२२ चा इंडियन सुपर लीगचा करंडक जिंकला, तेव्हा तो त्या संघात होता. संघ बदलत राहणं म्हणजे अपयश नव्हे, व्यावसायिक खेळाडूचं आयुष्य असंच असतं. करार दोन-तीन वर्षांचा, गुडघा गेला तर तोही नाही. २०२५ मध्ये तर लीगच अडकली आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. हे पालकांपासून लपवून "पोराला खेळू द्या" म्हणणं मला पटत नाही.

तरीही मी "खेळ सोडायला लावा" म्हणाले नाही. अनिकेत घडला तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. ऑलिंपिक पदक आणणारा कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे हाही प्रबोधिनीचाच. तिथं राहणं, जेवण, शाळा, सराव सगळं एकत्र. पुढे स्वप्नीलला रेल्वेची नोकरी मिळाली, आणि त्या पगारावर तो नेम धरत राहिला. त्याचे वडील शिक्षक. अशा निवडचाचण्या असतात हे शिक्षकाच्या घरात कळतं, गॅरेजमध्ये कोण सांगणार? आमच्या उर्दू शाळांत आम्ही शिष्यवृत्तीचे फॉर्म घरोघरी जाऊन भरून घेतो, प्रबोधिनीचा फॉर्म मात्र मी वीस वर्षांत एकदाही भरून घेतलेला नाही. ही चूक माझी आहे.

वडील सगळं ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "तिथं जेवणाचं कसं? हलाल असतंय का? रमजानात काय करायचं?"

या प्रश्नावर हसणारे शिक्षक मी पाहिलेत. माझ्या मते पैशाइतकाच मोठा अडथळा हाच आहे. वसतिगृहात शाकाहारी ताट असतंच, अंडी असतात. पण ते आईबापाला कुणीतरी समोर बसून सांगायला हवं. रोजा आणि सराव यांचं काय, ते प्रशिक्षकाला आधीच विचारायला हवं.

शनिवारी मुलाच्या अम्मीलाही बोलावलंय. त्याआधी पुण्याला फोन करून विचारून ठेवणार आहे.