विसाचे तीस कुणी केले?

मागच्या एका खरिपातली गोष्ट. एका गावात मारुतीच्या देवळापुढच्या सभामंडपात सोयाबीनच्या तणनियंत्रणावर आमची बैठक होती. पेरणी उरकलेली, पावसानं उघडीप दिलेली, त्यामुळे माणसं चांगली जमली. बायाबापड्याही मागच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. गावातल्या एका हौशी पोरानं स्वतः बनवलेल्या दोन मोठ्या स्पीकरच्या पेट्या खांबांना लावून ठेवल्या होत्या. आत बारा इंची वूफर, बाहेरून काळा रंग आणि आवाज असा की छातीत धडधड व्हावी. मी माईकवर सांगितलं, "दहा लिटर पाण्याला तणनाशक वीस मिली."

पंधरा दिवसांनी त्याच गावात गेलो, तर एक वयस्कर शेतकरी मला हाताला धरून वावरात घेऊन गेले. सोयाबीन पिवळं पडून जागच्या जागी खुंटलेलं. म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगितलं तसं तीस मिली टाकलं." मी म्हणालो, "काका, मी वीस सांगितलं होतं." त्यावर ते म्हणाले, "मग आमच्या कानावर तीस कसं आलं? माझ्या शेजारी बसलेल्या दोघांनीबी तीसच ऐकलं. इचारा त्यांना."

मी विचारलं. खरंच, मागं बसलेल्या दोघांनीही तीसच ऐकलं होतं. त्यातल्या एकानं घरी जाऊन डब्यावरची चिठ्ठी मुलाकडून वाचून घेतली म्हणून तो वाचला. काकांचं पीक पुढं सावरलं, पण मागं पडलं ते पडलंच.

यात पहिली चूक माझी. प्रमाण नुसतं तोंडी सांगायचं नसतं, फळ्यावर लिहायचं असतं. त्या दिवसापासून मी खडू खिशात घेऊनच फिरतो. दुसरी चूक मात्र त्या पेटीची, आणि तशा पेट्या आज गावोगाव आहेत. म्हणून हा लेखनप्रपंच.

शब्द कुठं हरवतो?

माणसाच्या बोलण्यात दोन भाग असतात. आ, ई, ऊ या स्वरांचा आवाज भरदार असतो. त्याचा जोर मुख्यतः सेकंदाला हजार कंपनांच्या खाली असतो. त, स, प, ठ, च या व्यंजनांचा आवाज बारीक आणि दुबळा असतो. त्यांची ओळख पटवणारा भाग बराचसा दोन हजार कंपनांच्या वर असतो. मोठेपणा स्वर देतात, पण अर्थ व्यंजनं सांगतात.

आता आपले आकडे पाहा. वीस आणि तीस यांत फरक पहिल्या अक्षराचा. साठमधला स गेला की उरतं आठ. एकवीस आणि एकतीस, बावीस आणि बत्तीस, सगळी तीच गत. घुमणाऱ्या पेटीतून "ईस" तेवढं मोठ्यानं ऐकू येतं, पुढचं अक्षर ऐकणारा आपल्या मनानं लावतो. औषधाचं प्रमाण, पीक विम्याची शेवटची तारीख, गट नंबर, ग्रामसभेची वेळ, आपल्या कामाच्या सगळ्या गोष्टी आकड्यांतच असतात. गाणं थोडं घुमलं तर कुणाचं बिघडत नाही, आकडा घुमला तर पीक जातं.

पेटी म्हणजे नुसतं खोकं नव्हे

स्पीकरचा कागदी पडदा पुढं सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. स्पीकर उघडा ठेवला तर मागची लाट वळून पुढं येते आणि दोन्ही एकमेकींना मारतात. म्हणून उघडा स्पीकर किरकिरा वाजतो. मागची लाट कोंडायची, हे पेटीचं पहिलं काम.

आज आपण वापरतो तसा कागदी पडद्याचा स्पीकर अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी 1925 साली जगापुढं मांडला. मागच्या लाटेचं काय करायचं, यावर तेव्हापासून डोकी लढली. थुरास नावाच्या संशोधकानं पेटीला मोजून भोक ठेवून मागचा आवाजही कामाला लावला, त्याचं पेटंट त्याला 1932 मध्ये मिळालं. विल्चर यांनी 1954 मध्ये पेटी पूर्ण बंद करून आतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग केला. पुढं ऑस्ट्रेलियातल्या थील आणि स्मॉल या दोघांनी कोणत्या स्पीकरला किती पोकळी हवी याचं गणितच बसवून दिलं. सांगायचा मुद्दा हा की, पेटीचं माप अंदाजपंचे ठरवायचं नसतं. पाभरीच्या दोन फणांतलं अंतर आपण डोळे मिटून ठरवतो का?

आपल्याकडं पूर्वी स्पीकर माठाच्या तोंडावर उपडा ठेवायची पद्धत होती, अजूनही कुठं कुठं दिसते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच सूर निघतो, तसाच माठही एका ठरावीक खालच्या सुराला घुमतो. ऐकणाऱ्याला वाटतं, काय बास आहे! पण तो बास स्पीकरचा नसतो, माठाचा असतो, आणि कोणतंही गाणं लावा, तोच एक सूर फुगतो. भोकाची पेटीही त्याच नियमानं चालते. भोक आणि पोकळी मोजून जमवली तर ती उत्तम, नाहीतर तो चौकोनी माठच. आमच्या बैठकीतल्या पेट्या तशाच होत्या. पोराची हौस खरी, मेहनत खरी, फक्त माप नव्हतं.

बोलण्यासाठी पेटी अशी करावी

ग्रामपंचायतीचं सभागृह, देवळाचा सभामंडप, शाळेचा वर्ग, सोसायटीची बैठक अशा ठिकाणी बोलणं पोचवायचं असेल, तर एका मोठ्या वूफरपेक्षा चार लहान स्पीकरची उभी पेटी चांगली. मी स्वतः गावच्या सुताराकडून अशी जोडी करून घेतली आहे, तिची मापं देतो.

चार इंची, आठ ओहमचे चार स्पीकर एकाखाली एक बसवावेत. पेटीची आतली रुंदी 14 सेंटिमीटर, खोली 12 आणि उंची 60 ठेवावी. म्हणजे पोकळी सुमारे दहा लिटरची होते. प्लायवूड 12 मिलिमीटरचं पुरतं. पत्रा नको, तो स्वतःच वाजतो. कच्च्या लाकडाच्या फळ्याही नकोत, पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात फटी पडतात.

पेटी पूर्ण बंद ठेवावी, भोक ठेवू नये. बोलण्याला खालचा बास लागतच नाही. सांधे सरस लावून स्क्रूनं आवळावेत, नुसते खिळे कालांतरानं ढिले होतात. राहिलेल्या फटी लाकडाचा भुसा सरसात कालवून बुजवाव्यात. स्पीकरच्या कडेखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून घालावी, म्हणजे तिथून हवा गळत नाही. मधोमध एक आडवी पट्टी पुढून मागं ठोकावी, म्हणजे फळ्या थरथरत नाहीत.

आत सरकी काढलेला कापूस पिंजून सैलसर भरावा. दाबून ठासू नये. मागच्या फळीवर आदळून परत येणारा आवाज कापूस जिरवतो. आपल्या भागात याला वेगळा पैसा मोजावा लागत नाही. वायर जिथून बाहेर येते ते भोकही बुजवावं, नाहीतर आत उंदीर घर करतात.

जोडणी करताना दोन-दोन स्पीकर एकामागून एक जोडावेत. अशा दोन जोड्या झाल्या की त्या समांतर जोडाव्यात. एकूण पुन्हा आठ ओहमच होतात आणि अँप्लिफायरवर ताण येत नाही. चारही समांतर जोडले तर दोन ओहम होतात आणि साधं मशीन जळतं. सगळ्या स्पीकरची अधिक-उणे खूण एकाच दिशेला हवी. एक जरी उलटा लागला तर तो बाकीच्यांचा आवाज खातो.

ही पेटी नेहमी उभीच ठेवावी. उभी असली की आवाज डावी-उजवीकडं पसरतो आणि वर छताकडं कमी जातो. मी कितीतरी गावांत अशी पेटी खिडकीत आडवी टाकलेली पाहिली आहे. मग आवाज पत्र्याला आणि फरशीला लागतो, बाजूला बसलेल्यांना काही कळत नाही. पेटी बसलेल्या माणसांच्या डोक्यावर राहील इतक्या उंचीला लावावी, किंचित खाली झुकवावी आणि माईकच्या पुढं ठेवावी, मागं नको. मागं ठेवली की शिट्टी वाजते. अँप्लिफायरचं बासचं बटण कमी करावं, ट्रेबल थोडं वाढवावं.

वॉटच्या मागं लागू नका

सरपंच मंडळी पहिलं विचारतात, "किती वॉटचा?" वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलनं वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतका. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. पैसा दहापट घालून जो शब्द अस्पष्ट आहे तो मोठ्यानं अस्पष्ट करायचा, यात शहाणपण काय? त्यापेक्षा एक पेटी पुढं आणि एक मध्यावर ठेवावी. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं घटतो. म्हणून पेटी माणसाजवळ नेणं हे मशीन मोठं करण्यापेक्षा स्वस्त पडतं.

मोकळ्या रानात किंवा वेशीवरून दवंडी द्यायला भोंगा चांगला, हे मान्य. तो थोड्या वॉटमध्ये लांब जातो. पण तोच भोंगा पत्र्याच्या मंडपात लावला तर आवाज भिंतीवरून परत येऊन पुढच्या शब्दावर चढतो. सतरा मीटरवरच्या भिंतीवरून परत यायला आवाजाला सेकंदाचा दहावा भाग लागतो, तेवढ्यात बोलणारा पुढच्या अक्षरावर गेलेला असतो. मागच्या भिंतीवर जुनी घोंगडी किंवा जाड गोधडी टांगली तरी फरक पडतो.

कायद्याचंही भान हवं. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर तो वाजवता येत नाही. वस्तीत दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आणि रात्रीची 45 डेसिबल आहे. नीट पेटी असेल तर कमी आवाजात काम होतं, शेजारचं तान्हं बाळही उठत नाही आणि परीक्षेचा अभ्यास करणारं पोरही चिडत नाही.

बिल काढण्याआधी परीक्षा घ्या

काहीजण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, तयार सेट विकत घ्यावा. घ्या, हरकत नाही. पण तयार सेटही परीक्षा घेऊनच घ्या. एका ग्रामपंचायतीत मी पाहिलं, ठेकेदारानं सेट बसवला, लावणी वाजवून दाखवली, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि बिल निघालं. पुढच्या ग्रामसभेत मागच्या रांगेला एक ठराव कळेना. लावणी ऐकून स्पीकर घेणं म्हणजे झूल बघून बैल घेणं.

परीक्षा सोपी आहे. एका माणसानं माईकवर साध्या बोलीत वीस आकडे उलटसुलट वाचावेत. त्यात वीस, तीस, आठ, साठ, बावीस, बत्तीस हवेतच. मागच्या भिंतीशी बसलेल्या दोन आजीबाई आणि दोन शाळकरी पोरं यांनी ऐकलेला आकडा सांगावा, कुणीतरी तो लिहून घ्यावा. शेवटी यादीशी ताळा करावा. वीसपैकी दोनपेक्षा जास्त चुकले तर पेटी परत. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपल्या तोंडी अजूनही ग्रामसेवक, यांनी हा कागद बिलाला जोडून ठेवावा. खरेदीच्या फायलीत त्याच्याइतका उपयोगी कागद दुसरा सापडायचा नाही.

आणि ज्या पोरानं त्या काळ्या पेट्या केल्या होत्या, त्याच्यावर कुणी राग धरू नये. मीही धरला नाही. त्याला बोलावून ही मापं दिली. त्यानं आठ दिवसांत जुन्या प्लायवूडमधून दोन उभ्या पेट्या केल्या. गेल्या बैठकीत त्या लावल्या, तेव्हा काका मुद्दाम मागच्या भिंतीशी जाऊन बसले. मी प्रमाण सांगितलं, फळ्यावर लिहिलं, आणि विचारलं, "काका, किती ऐकलं?"

"वीस," ते म्हणाले. "आणि आता डब्यावरचंबी वाचून घेणार हाय."

तेच बरोबर. पेटी कितीही चांगली असो, डब्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नका.