आपण स्मोक करता का?

मागच्या महिन्यात ऑफिसात आरोग्य तपासणीचा फॉर्म भरून घेतला. त्यात प्रश्न होता, 'आपण स्मोक करता का?' मी 'नाही'वर टिक केलं. एचआर खूश, विमावाले खूश, डॅशबोर्ड हिरवागार! आणि खोटं काहीच बोललो नाही हो. सिगारेटला आयुष्यात हात लावलेला नाही. फक्त यवतमाळला कॉलेजात असताना चार वर्षं दिवसाला तीन खर्रे खायचो, एवढंच.

पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी सांगतो. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना. पानठेलेवाला ते सगळं प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटून देतो आणि आपण गालात धरून बसायचं. आमच्याकडे मॅच असो, लग्न असो की मयत, पन्नी पुढे येतेच. नाही म्हणणारा भाव खातोय असं समजतात.

आता आकडे बघा. टाटा समाजविज्ञान संस्थेने सरकारसाठी केलेल्या २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे निघाले ३.८ टक्के, बिडीसकट. आणि बिनधुराचा तंबाखू खाणारे २४.४ टक्के. बायकांमध्ये तर १.४ विरुद्ध १६.६! म्हणजे ज्या राज्यात तंबाखूचा प्रश्न मुख्यतः तोंडात आहे, तिथे आपण फुप्फुसाची चौकशी करतोय. लॉगमध्ये एरर एका मॉड्यूलची आणि आम्ही पॅच टाकतोय दुसऱ्यातच. वर रिलीज नोटमध्ये लिहायचं, इश्यू क्लोज्ड.

कोणी म्हणेल, अरे पण प्रश्नाच्या शब्दांवरून एवढं काय? तर शब्दांमुळेच सगळं अडतं. व्यसन सोडवायच्या औषधांचा बहुतेक अभ्यास सिगारेटवाल्यांवर झालेला. त्यातून निकोटीनचे च्युइंगगम, पट्ट्या आल्या. ठीक. पण खर्‍यात नुसतं निकोटीन नाही, सुपारी आहे. तिचीही सवय लागते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच एकट्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलंय. सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर कडक होत जातं. माझ्या दारव्ह्याच्या रूममेटचं तोंड आता दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. साध्या वरणातली मिरचीही त्याला झोंबते. त्याला च्युइंगगम चघळायला सांगणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार.

पाकिटावर २०१६ पासून ८५ टक्के जागेत इशारा छापावा लागतो. छान आहे. पन्नीवर कुठे छापणार? बंदीचं म्हणाल तर २०१२ मध्ये राज्यात गुटखा बंद झाला, पुढे सुगंधी तंबाखू आणि खर्राही त्यात आला. कागदावर. गावी गेलो की स्टँडवर उतरल्या उतरल्या घोटण्याचा आवाज येतो, तेवढी बंदी मला दिसते.

बरं, हे जमतच नाही असंही नाही. चंद्रपूर ओलांडलं की गडचिरोली. तिथे डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने सरकार आणि टाटा ट्रस्टबरोबर २०१६ मध्ये 'मुक्तिपथ' सुरू केलं. त्यांनी दारूबरोबर खर्राही मोजला. विक्री बंद करायला गावं स्वतः उभी राहिली, तालुक्याला व्यसन सोडवायचे दवाखाने निघाले. सगळं सुटलं असं नाही, पण निदान प्रश्न तरी योग्य विचारला! यवतमाळात हे का होऊ नये? आमच्याकडचं तोंड काय वेगळं असतं?

असो. मी एचआरला मेल टाकला, की प्रश्न 'कुठल्याही प्रकारे तंबाखू किंवा सुपारी खाता का, पूर्वी खात होता का' असा करा. उत्तर आलं, फॉर्म ग्लोबल टेम्प्लेट आहे, बदलता येत नाही. खाली 'इतर माहिती' नावाचा रकाना असतो. पुढच्या वर्षी त्यात लिहिणार आहे, 'खर्रा, चार वर्षं'. बघू सिस्टम काय एरर देते :)