काढावं, पण मोडू नये

मागच्या ऑक्टोबरात अकोल्याजवळच्या एका गावातल्या सेवा केंद्रात बसलो होतो. परतीच्या पावसानं झोडपलेल्या सोयाबीनचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन एक काका आले. केंद्रातल्या मुलानं केबल लावली. मोबाइल चार्ज होऊ लागला, पण संगणकाला तो दिसेना. दुसरी केबल लावून पाहिली, दुसऱ्या पोर्टात घालून पाहिली, मोबाइल बंद करून चालू केला. शेवटी मुलगा म्हणाला, "काका, तुमचा मोबाइलच खराब हाय." काका कळवळून म्हणाले, "अरे, काल शेजाऱ्याच्या पोराच्या कम्प्युटरवर तं दिसले ना फोटो!"

मी संगणक उघडून पाहिला. पंधरा दिवसांपूर्वी तो कुणाकडून तरी 'हलका' करून आणला होता. हलका करणाऱ्यानं गाणी आणि व्हिडिओ चालवणारा विंडोजमधला सगळा भाग फायलींसकट उपटला होता. मोबाइलमधले फोटो संगणकात उतरवून घेणारी यंत्रणाही त्याच भागाच्या आधारानं चालते. ती त्याच्यासोबत गेली. दोष काकांच्या मोबाइलचा नव्हता, एका समजुतीचा होता.

ही समजूत मी अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, जाईन तिथे ऐकतो. "मीडिया प्लेयर म्हणजे फुकटचा भार. उपटून फेका, मशीन पळायला लागते." तिच्या अगदी उलट बोलणारेही तितकेच भेटतात. "कंपनीनं दिलं त्याला हात लावायचा नाही." माझ्या मते दोन्ही बाजू चूक आहेत. नको असलेला भाग काढणं हा संगणकाच्या मालकाचा हक्क आहे. पण जे परत बसवता येत नाही ते काढलं नाही, मोडलं.

आधी वेगाचा दावा घेऊ. न उघडलेला प्रोग्रॅम डिस्कवर थोडी जागा घेतो, मेमरी खात नाही आणि प्रोसेसरलाही राबवत नाही. ती जागाही एका लग्नाच्या शूटिंगपेक्षा कितीतरी कमी असते. एक अपवाद मी मान्य करतो. घरातल्या दुसऱ्या यंत्रांना गाणी पुरवणारी मीडिया प्लेयरची एक सेवा चालू ठेवली असेल, तर ती पाठीमागे काम करत राहते. पण तेवढी सेवा बंद करता येते, त्यासाठी प्लेयर उपटावा लागत नाही.

मग मशीन खरोखर कशामुळे रेंगाळते? मेमरी अपुरी असते, फिरती हार्ड डिस्क जुनी झालेली असते, एकावर एक दोन अँटिव्हायरस घातलेले असतात, चालू करताच डझनभर प्रोग्रॅम उठून बसतात. आणि आपल्या वऱ्हाडाचं एक खास कारण आहे, ऊन आणि धूळ. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. प्रोसेसर मर्यादेबाहेर तापला की जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. जिनिंगजवळच्या एका दुकानातल्या संगणकाच्या पंख्यातून मी मूठभर रुई काढली आहे. पंखा साफ झाला, प्रोसेसरवर नवी पेस्ट लागली, आणि तीच मशीन नीट चालू लागली. मीडिया प्लेयर होता तिथेच होता.

दुसरा दावा असा की फोल्डर शोधायचा, फायली डिलीट करायच्या, काम झालं. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. बटणं आणि खिडकी दिसते तो प्लेयर. त्याच्याखाली मीडिया फाउंडेशन नावाचा पाया असतो. आवाज आणि चित्र वाचण्याचं काम तो करतो, आणि कॅमेरा, आवाज टिपणारा रेकॉर्डर, व्हिडिओ कापणारे प्रोग्रॅम, कित्येक गेम त्याच्या भरवशावर असतात. पाया निखळला की पडद्यावर 'एमएफप्लॅट डॉट डीएलएल सापडत नाही' असा संदेश येतो. मग लोक ती एकटी फाइल कुठूनतरी डाउनलोड करून टाकतात, आणि तिच्यासोबत काय आलं ते कळतही नाही.

शिवाय या फायलींची मालकी ॲडमिनिस्ट्रेटरकडेसुद्धा नसते. 'ट्रस्टेड इन्स्टॉलर' नावाच्या अंतर्गत खात्याकडे ती असते. ती हिसकावून घ्यावी लागते, यातच इशारा आहे. इतकं करून जागा तरी सुटते का? बहुतेक वेळा तीही सुटत नाही. विंडोज आपले सुटे भाग 'विनएसएक्सएस' नावाच्या भांडारात ठेवते, आणि आपल्याला दुसरीकडे दिसणारी फाइल म्हणजे अनेकदा त्याच फाइलीचं दुसरं नाव असतं. एका घराला दोन दारं असावीत आणि एक बुजवून घर पाडलं असं समजावं, तसं हे डिलीट करणं आहे. सिस्टिम फायलींची तपासणी चालवली किंवा मोठं अपडेट आलं की ती फाइल पुन्हा हजर होते.

तिसरा दावा सगळ्यांत घातक आहे. "पेनड्राइव्हमध्ये लाइट विंडोज हाय, आधीच सगळं काढलेलं." विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून जुन्या मशीनवाल्यांना हा पेनड्राइव्ह फार मोहात पाडतो. यातल्या पुष्कळ आवृत्त्यांतून अपडेट आणि संरक्षणाची यंत्रणाही छाटलेली असते. ती कुणी छाटली, आत काय घातलं, कुणाला विचारणार? ज्या संगणकावर गावाचे आधार क्रमांक, सातबारे आणि बँकेची पासबुकं येतात, त्यावर अनोळखी माणसानं कापलेली विंडोज टाकणं हा गावाचा विश्वासघात आहे. हे शब्द मी जपून वापरतो आहे.

आता उलट बाजू. कंपनीनं दिलं ते सगळं ठेवलंच पाहिजे, हेही मला मान्य नाही. युरोपीय आयोगानं २४ मार्च २००४ ला मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला. विंडोजला मीडिया प्लेयर बांधून देणं, हा त्यातला एक ठपका होता. प्लेयर नसलेली विंडोज द्या, असा हुकूम झाला आणि त्यातून 'एन' आवृत्ती निघाली. दक्षिण कोरियातही २००५ च्या निर्णयानंतर तशी वेगळी आवृत्ती आली. आपल्याकडे स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मोबाइलमध्ये आधीच भरलेली ॲप ग्राहकाला काढू द्यावीत, हा आदेशही त्यात होता. २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पण ॲप काढू देण्याचा तो आदेश रद्द केला. म्हणजे हक्काचा प्रश्न खरा आहे आणि आपल्या देशात तो अजून पुरता सुटलेला नाही. सुरक्षेचाही मुद्दा आहेच. परीक्षेच्या लॅबमध्ये प्लेयरचं काम नसेल तर तो नसलेलाच बरा.

पण 'एन' आवृत्तीनंच धडाही दिला. तिच्यात मुळापासून मीडियाचा पाया नसतो, म्हणून मोबाइल जोडण्यापासून रेकॉर्डरपर्यंत अडचणी येतात. त्यावर कंपनीला 'मीडिया फीचर पॅक' द्यावा लागला. काढलेलं परत घेण्याची वाट तिथे ठेवलेली आहे.

तीच वाट आपण धरावी. आधी कामाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि रिस्टोअर पॉइंट तयार करावा. मग कंट्रोल पॅनेलमधून 'विंडोज फीचर्स' उघडावं आणि 'मीडिया फीचर्स'खालच्या मीडिया प्लेयरची खूण काढावी. या रीतीनं प्लेयर बंद होतो, त्याच्या फायली भांडारात राहतात, आणि खूण पुन्हा केली की इंटरनेट नसतानाही तो परत येतो. सेटिंग्जमधल्या 'ऑप्शनल फीचर्स'मधूनही तो काढता येतो, पण परत घेताना डाउनलोड करावा लागतो. जिथे नेट दिवसदिवस जातं त्या गावांनी पहिली रीत धरावी. नव्या विंडोजमधला साधा 'मीडिया प्लेयर' हे वेगळं ॲप आहे. ते इतर ॲपसारखं अनइन्स्टॉल होतं आणि स्टोअरमधून परत मिळतं. एका वेळी एकच गोष्ट काढावी, रिस्टार्ट करावं, आणि मोबाइल, कॅमेरा, माइक व ब्राउझरमधला व्हिडिओ असं सगळं तपासावं. काय काढलं ते तारखेसह वहीत लिहावं.

त्या दिवशी काकांचे फोटो मी माझ्या लॅपटॉपवर उतरवले. शेंगेतच कोंब फुटलेलं सोयाबीन एकेका फोटोत दिसत होतं. रविवारी परत गेलो आणि मुलाच्या संगणकावर अस्सल विंडोज नव्यानं टाकली. मग प्लेयरची खूण त्यालाच काढायला लावली. रिस्टार्ट झाल्यावर त्यानं स्वतःचा मोबाइल जोडला, फोटो दिसले. त्यानं खूण परत केली, पुन्हा काढली, पुन्हा मोबाइल जोडून पाहिला. मग काउंटरवरची वही ओढली आणि तारीख घालून पहिली ओळ लिहिली.