आधी आकडा, मग सुट्टी

सप्टेंबर आला की आमच्या टीममध्ये ओरेगनच्या डेशूट्स नदीवर स्टीलहेड पकडायला जायचे बेत शिजतात. रजा, मोटेल, फ्लाय रॉड... सगळं ठरतं. माशांची मात्र कुणी चौकशीच करत नाही!

स्टीलहेड म्हणजे समुद्रात वाढून अंडी घालायला नदीत परतणारा रेनबो ट्राउट. २०२१ मध्ये ते इतके कमी आले, की डेशूट्सवर त्यांची मासेमारी बंद करावी लागली. वाटेत कोलंबियावरच्या बॉनविल धरणात वर चढणारे मासे मोजतात, हंगामात रोजचा आकडा जाहीर होतो. तो आधी बघा ना राव!

'आपण सोडूनच देतो की' ही पळवाट झाली. पाणी २० अंशांवर गेलं की झुंजून दमलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो. आकडा घसरलेला दिसला, तर सरळ रजा रद्द करा. बंदीची वाट कशाला बघायची?