ट्रॉलीची जोडणी : भार कोठे पडतो हे प्रथम पाहावे

चोपडा तालुक्यातील शेतकरी ट्रॅक्टर घेताना अश्वशक्तीचा विचार करतो, डिझेलचा खर्च विचारतो, चार ठिकाणी चौकशी करतो. ट्रॉली घेताना पत्र्याची जाडी आणि टायर पाहतो. परंतु या दोहोंना जोडणारा जो लोखंडाचा भाग, त्याची निवड बहुधा वर्कशॉपवाल्याच्या हाती सोडलेली असते. तापीकाठच्या काळ्या चिखलात, हतनूर कालव्याच्या पाटचाऱ्या ओलांडताना, किंवा सातपुड्याच्या पायथ्याकडील उतारावर सर्व ओझे याच एका जागी येते. म्हणून जोडणीची निवड ही किरकोळ बाब समजणे योग्य नाही.

जोडणीमागील तत्त्व आपल्या शेतकऱ्यास नवे नाही. बैलगाडी भरताना ओझे मागे अधिक झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि जोते बैलांच्या गळ्याला लागते. ओझे फार पुढे घेतले तर बैलांच्या मानेवर भार पडतो. जाणता गाडीवान ओझे चाकांच्या किंचित पुढे ठेवतो. दोन चाकांच्या ट्रॉलीस हाच नियम लागू आहे. फरक एवढाच की, येथे ओझे टनांत असते आणि बैलाप्रमाणे ट्रॅक्टर आपला त्रास दाखवीत नाही.

एक साधा हिशेब पाहावा. ट्रॉलीत ३,००० किलो माल आहे आणि ट्रॉलीच्या आसापासून पुढील कडीचे अंतर ३ मीटर आहे असे धरू. मालाचा मध्य आसाच्या ३० सेंटिमीटर पुढे असेल, तर त्या मालामुळे कडीवर ३०० किलो भार पडेल. मध्य ६० सेंटिमीटर पुढे गेला तर ६०० किलो पडेल. तोच ३० सेंटिमीटर मागे गेला तर माल कडीला ३०० किलोच्या जोराने वर उचलू लागेल. अशा वेळी ट्रॅक्टरच्या मागील चाकांची पकड कमी होते आणि पिनेस खालून अडकवणी नसेल तर ती उडून जाण्याचा संभव असतो.

हा भार घेण्यासाठी ट्रॅक्टरच्या मागे साधारणतः दोन प्रकारची सोय असते. पहिली म्हणजे लिफ्टच्या दोन खालच्या हातांमध्ये बसविलेला, भोके असलेला आडवा पट्टा. दुसरी म्हणजे ट्रॅक्टरच्या मागील सांगाड्यास बोल्टांनी पक्का केलेला हूक किंवा दुबेळके, ज्यात ट्रॉलीची कडी घालून वरून पिन सोडतात.

भोकांचा पट्टा ट्रॅक्टरबरोबर मिळतो, त्यास वेगळा खर्च नाही, आणि नांगर सोडून ट्रॉली जोडणे सोपे जाते. म्हणून पुष्कळ ठिकाणी ट्रॉली त्यालाच जोडलेली दिसते. ही चाल बंद व्हावी. हा पट्टा शेतातील हलक्या ओढीसाठी आहे. त्याची उंची लिफ्टबरोबर बदलते, हेच मोठे भय आहे. चिखलात ट्रॉली रुतली की चालक स्वाभाविकपणे लिफ्ट उचलून पाहतो. ओढीची जागा जितकी उंच, तितका ट्रॅक्टरचे तोंड उचलण्याचा जोर अधिक. आणि ती मागील आसाच्या वर गेली तर ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. ही उलटण्याची क्रिया दीड सेकंदाच्या आत पुरी होऊ शकते. तेवढ्या अवधीत क्लच दाबण्याचे भान चालकास राहील, यावर कोणी विसंबू नये.

पक्क्या हुकाची उंची लिफ्टबरोबर हलत नाही. तो आसाच्या रेषेच्या खाली बसविलेला असला म्हणजे ओढीचा जोर खालून लागतो आणि उलटण्याचे भय पुष्कळ कमी होते. दोन चाकांच्या ट्रॉलीस हीच जोडणी इष्ट होय. मात्र तिच्यामुळेही सर्व अडचण दूर होते असे नाही. हूक मागील आसाच्या ८० सेंटिमीटर मागे असेल आणि ट्रॅक्टरच्या पुढील व मागील आसांतील अंतर २ मीटर असेल, तर हुकावरील ६०० किलो भाराने पुढील चाकांवरचे २४० किलो वजन कमी होते. चढावर स्टिअरिंग हलके लागते, ते यामुळेच. ते हलके लागणे सुखाचे नसून धोक्याची सूचना आहे.

अमेरिकेत मोठ्या ट्रॉल्या पिकअप गाडीने ओढतात, तेव्हा अवजड ट्रॉलीची जोडणी गाडीच्या मागील टोकास न ठेवता हौद्यात, मागील आसाच्या जवळपास वर, बसवितात. कोठे हौद्यात गोळा असतो, कोठे सपाट तबकडी. दोहोंचा हेतू एकच : भार आसावर पडावा आणि पुढील चाके हलकी होऊ नयेत. आपल्या ट्रॅक्टरवर तशी जागा नाही. म्हणून आपला उपाय म्हणजे हूक आसाच्या शक्य तितका जवळ ठेवणे, माल बेताने भरणे आणि पुढे वजने लावणे.

चार चाकांची ट्रॉली आपले ओझे स्वतःच उचलते; हुकावर भार जवळजवळ पडत नाही. पुढील चाके हलकी होत नाहीत, हा तिचा गुण. पण मागील चाकांना पकडीसाठी जादा वजनही मिळत नाही, त्यामुळे ओल्या शेतातून बाहेर निघताना ती जड जाते. डांबरी रस्त्यावरील लांबच्या वाहतुकीस ती चांगली, शेतातून बांधापर्यंतच्या वाहतुकीस दोन चाकांची चांगली. उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडतात, त्यांस ब्रेक नसतील तर उतारावर मागील सर्व ओझे ट्रॅक्टरला ढकलते आणि वळणावर त्यास आडवे करते. अशा वेळी पक्का हूकही वाचवू शकत नाही. उतारावर खालचा गिअर, क्लचवरून पाय दूर आणि दोन्ही ब्रेक एकत्र अडकविलेले, ही शिस्त पाळलीच पाहिजे.

जोडणीतील ढिलाईचा संबंध मालाच्या भावाशीही येतो. अडावद-धानोरा भागातून केळीचे घड शेतातून रस्त्यापर्यंत ट्रॉलीने आणतात. कडी झिजून लांबट झाली असेल, किंवा योग्य पिनेऐवजी बारीक सळई घातली असेल, तर प्रत्येक वेग बदलताना ट्रॉली पुढे-मागे आदळते. फळावर त्या क्षणी काही दिसत नाही; पिकताना साल काळी पडते. जळगावच्या केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावास साजेसे फळ बाजारात जावयाचे असेल, तर शेतापासून रस्त्यापर्यंतचा हा प्रवासही विचारात घ्यावयास हवा.

पक्क्या हुकाविरुद्ध एक आक्षेप रास्त आहे. रोटाव्हेटर जोडताना तो शाफ्टला अडतो आणि काढघाल करावी लागते. यासाठी उंची बदलता येणारा किंवा पिना काढून सुटणारा हूक घ्यावा. दहा-पंधरा मिनिटांचा हा त्रास आहे. तो टाळण्याकरिता रस्त्यावर भोकांच्या पट्ट्याचा आश्रय घेणे शहाणपणाचे नाही.

सारांश, शेतकरी बंधूंनी ट्रॉली विकत घेण्यापूर्वी आपला माल, आपली जमीन आणि आपला रस्ता यांचा विचार करून जोडणी ठरवावी. कडीस बसेल अशा जाडीची पिन, तिला खालून अडकवणी आणि जोडीला मजबूत साखळी असावी. हंगामाच्या आरंभी कडीची झीज व हुकाचे बोल्ट तपासावेत. कारखाने व सहकारी संस्था यांनीही ट्रॉली वजनकाट्यावर येते तेव्हा तिची पिन व साखळी पाहण्याचा प्रघात पाडावा. त्यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाही.