धागा ओढू नये

आमच्या कपाटात मातोश्रींचे एक महेश्वरी नऊवारी लुगडे आहे. अंगाचे कापड विरले आहे, काठ मात्र जसाच्या तसा आहे. त्याची घडी उलगडली की आम्हांस एक प्रसंग आठवतो. काही वर्षांपूर्वी एक विणकर गृहस्थ साड्यांचे गाठोडे घेऊन आमच्या इंदूरच्या घरी आले होते. तासभर घासाघीस करून आम्ही तीनशे रुपये कमी करविले आणि सायंकाळी शेजारी तो पराक्रम वर्णून सांगितला. त्या तीनशे रुपयांत काय काय होते, हे समजावयास आम्हांस महेश्वरी जाऊन आठ दिवस मागावर बसावे लागले.

महेश्वर आपल्या मंडळींना परके नाही. 1767 साली अहिल्याबाई होळकरांनी राज्याची सूत्रे हाती घेतली आणि नर्मदातीरीचे हे गाव राजधानी केले. बाहेरगावचे विणकर त्यांनी येथे वसविले. किल्ल्याच्या व घाटांच्या दगडांवरील नक्षी काठांवर उतरली असे सांगतात. चटाई, ईंट, हिरा, लहर ही काठांची नावे आजही तेथे बोलली जातात. रेशमी ताणा आणि सुती बाणा हा महेश्वरीचा परिचित मेळ. ताणा म्हणजे उभे धागे, बाणा म्हणजे आडवे.

आमची समजूत अशी, की विणणे म्हणजे धोटा इकडून तिकडे फेकणे. आम्हांस शिकविणाऱ्या विणकर बाईंनी पहिले तीन दिवस धोट्याला हातही लावू दिला नाही. शिकाऊ काम म्हणून दहा इंच रुंदीचे जाडे सुती कापड ठरले; इंचाला वीस धागे, म्हणजे दोनशे धागे. हे सारे सारख्या लांबीचे मोजावयाचे, सारख्या ताणाने तुळईवर गुंडाळावयाचे, मग एकेक धागा दोऱ्याच्या फासातून ओवावयाचा आणि त्यानंतर फणीच्या फटीतून काढावयाचा. फासांच्या चौकटी दोन: पहिला धागा पुढच्या चौकटीत, दुसरा मागच्या, तिसरा पुन्हा पुढच्या. पायाखालची पट्टी दाबली की एक चौकट वर जाते, निम्मे धागे उचलले जातात आणि मध्ये वाट उघडते. त्या वाटेने धोटा न्यावयाचा, फणीने बाण्याचा धागा ठोकावयाचा आणि दुसरी पट्टी दाबावयाची. साधी वीण ती एवढीच.

चौथ्या दिवशी धोटा हाती आला. वीतभर कापड झाले तेव्हा आम्हांस धन्यता वाटली. बाईंनी पट्टी लावली. दहा इंचांचे कापड साडेआठ इंचांवर आले होते! कडा नीट दिसाव्यात म्हणून आम्ही प्रत्येक वेळी धागा ताणून घेत होतो. बाई म्हणाल्या, "बाईजी, धागे को खींचो मत, सुलाओ." कारण साधे आहे. बाण्याला प्रत्येक उभ्या धाग्याच्या वरून-खालून वळसे घेत जावयाचे असते, म्हणून त्याला कापडाच्या रुंदीहून अधिक लांबी लागते. तो सरळ ताणला तर ती लांबी कडांकडून घेतो आणि कापड आत ओढले जाते. धागा थोडा तिरका, सैल निजवावा आणि मग ठोकावा.

पुढे दुसरी चूक उघडी पडली. ओवताना दोन धाग्यांची अदलाबदल झाली होती. त्या जागी शेजारचे धागे जोडीने वर-खाली होत आणि कापडभर एक उभी रेघ धावत होती. उपाय एकच. सारी वीण उलट क्रमाने उसवावयाची, ते दोन धागे मागे काढावयाचे आणि पुन्हा ओवावयाचे. विणण्यास लागला त्याहून अधिक वेळ उसवण्यात गेला. आमचे काही बिघडले नाही; आम्ही हौशी. परंतु तेथील पुष्कळ विणकरांना मजुरी नगावर मिळते. उसवण्यात गेलेल्या तासाची मजुरी कोणी देत नाही.

मग आम्ही बसल्या बसल्या हिशेब केला. पंचेचाळीस इंच पन्ह्याला इंचामागे ऐंशी धागे धरले तरी 3600 धागे होतात. आमचे दोनशे धागे ओवताना दोन चुकले होते. तीनशे रुपयांच्या आमच्या पराक्रमाची लाज वाटली ती तेव्हा.

वाचक भगिनींनी हा अनुभव घरी, मुलांसमवेत, अवश्य घ्यावा. वीस सेंटिमीटर लांबीचा जाड पुठ्ठा घ्यावा. वरच्या व खालच्या कडेस अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरवर खाचा पाडाव्यात आणि त्यांतून पक्का दोरा उभा गुंडाळावा. बोथट सुईत लोकर ओवून एक धागा वरून, एक खालून अशी ओळ न्यावी. दुसरी ओळ नेमकी उलट. लोकर कमानीसारखी सैल ठेवून कंगव्याने खाली दाबावी. दहा ओळींनंतर रुंदी मोजावी. ती घटली असेल तर हात कोठे ओढतो आहे ते आपोआप कळेल.

1905 साली 7 ऑगस्टला स्वदेशी चळवळीचा आरंभ झाला. त्याच्या स्मरणार्थ 2015 पासून त्या दिवशी राष्ट्रीय हातमाग दिन पाळतात. भाषणे होतात, ती व्हावीत. परंतु दारी विणकर आला तर आपण एवढे करावे: किंमत विचारण्यापूर्वी काठ उलटून पाहावा. महेश्वरी काठ पुष्कळदा दोन्ही बाजूंनी सारखाच नेटका असतो. मग कडेवरून बोट फिरवावे. कापड आवळू नये म्हणून मागावर टोचेदार काडीने ते ताणून धरतात. त्या टोच्यांची बारीक छिद्रे कडांवर बहुधा सापडतात. यंत्रमागाच्या नकलेतून हातमागाचे कापड ओळखण्यास या खुणेचा उपयोग होतो.

आमचा दहा इंची तुकडा आता मातोश्रींच्या लुगड्याच्या घडीत ठेवला आहे. त्याच्या कडा वाकड्याच आहेत. गेल्या महिन्यात तेच विणकर गृहस्थ पुन्हा आले. आम्ही एक साडी निवडली, सांगितली ती किंमत दिली आणि चहा पुढे केला. ते चकित होऊन पाहू लागले. तेव्हा तो तुकडा आणून दाखविला. त्यांनी तो हातात घेतला, कडेवर बोट फिरविले आणि हसून म्हणाले, "खींचा है आपने."