मूळ आवाज हवाच
सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये काढलेल्या चित्रपटाचा ध्वनी मोनो. संवाद, वसंत देसाईंचं संगीत, सगळं फिल्मच्या कडेच्या एका अरुंद पट्टीत बसवलेलं, पडद्यामागच्या स्पीकरच्या हिशेबानं. आता जुन्या चित्रपटांचा ध्वनी चहूबाजूंच्या स्पीकरसाठी ५.१ सराउंड करायची हौस आहे. २००४ च्या रंगीत ‘मुघल-ए-आझम’साठी निदान संगीतकार नौशाद हयात होते; त्यांच्या देखरेखीखाली वाद्यमेळ नव्यानं वाजला, गळे मूळचेच राहिले. पण जिथे संगीतकार नाही, ध्वनिमुद्रकही नाही, तिथे मागच्या स्पीकरमधून नवी पावलं, नवा पाऊस कुणाला विचारून वाजवायचा? खरखर पुसताना ‘स’ आणि ‘श’ची धारही जाते, हे वेगळंच. सराउंड खुशाल द्या. पण मूळ मोनो त्याच डिस्कवर हवा, मेनूत सगळ्यात वर.